बाण पुन्हा पुन्हा डावीकडे जातात, तेव्हा काय तपासायचं

धनुष्य हातात घेऊन दोन-तीन महिने झाले की नवी मुलं एकच तक्रार घेऊन येतात: बाण डावीकडे जातात. कुणीतरी सांगतं म्हणून ती नेम जरा उजवीकडे धरतात. चार-आठ दिवस बाण मध्ये बसतात. मग पुन्हा डावीकडे. मग नेम आणखी उजवीकडे. टार्गेट सोडून शेजारच्या माडावर नेम धरणारा मुलगा मी पाहिलाय, आणि तरीही त्याचा बाण टार्गेटच्या मधल्या पिवळ्यात बसत नव्हता.

नेम सरकवून हा दोष जात नाही, काही दिवस झाकला जातो एवढंच. म्हणून तो परत येतो. खाली जे सांगतोय ते आपल्या किनारपट्टीवर, खाऱ्या दमट हवेत, बोटांनी दोरी ओढून रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) किंवा बांबूचं धनुष्य चालवणाऱ्यांसाठी आहे. सगळं उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्यांच्या बाजूने लिहिलंय. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलट करून वाचावं.

शिकारीबद्दल आधी

बरेच जण धनुष्याकडे शिकारीच्या ओढीने येतात, म्हणून हे आधी बोलून घेतो. रानडुकरं एका रात्रीत भाताचा अख्खा कोपरा लोळवून जातात, कणगरं उकरून टाकतात, माकडं नारळाची कोवळी बोंडं पाडतात. आणि मोबाइलवर अमेरिकेतला कुणीतरी झाडावर मचाण बांधून एका बाणात काम करताना दिसतो. मनात काय येत असेल ते कळतं. पण आपल्याकडे हे चालत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या कलम 9 प्रमाणे शिकारीला बंदी आहे, आणि त्या कायद्यात शिकार म्हणजे फक्त ठार मारणं नाही. पकडणं, सापळा लावणं, आमिष दाखवणं, हाकून नेणं, आणि यातलं काहीही करण्याचा नुसता प्रयत्नही शिकारीतच मोडतो. पिकाची नासाडी करणाऱ्या जनावराचं काय करायचं हे कलम 11 खाली वनखात्याच्या अधिकाऱ्यांनी ठरवायचं, तेही लेखी. आपल्या हातात आहे ते नुकसान झाल्या झाल्या कळवणं, पंचनामा करून घेणं आणि भरपाईचा अर्ज वेळेत देणं.

कायदा बाजूला ठेवला तरी माझं मत बदलणार नाही. बाण गोळीसारखा धक्क्याने पाडत नाही. बाणाने जनावर मरतं ते रक्तस्रावाने, आणि तेही बाण नेमका हृदय-फुफ्फुसाच्या जागी बसला तर. वीतभर मागे बसला तर ते जनावर पोटात बाण घेऊन रानात शिरतं आणि तासन् तास तडफडतं. जखमी डुक्कर सकाळी पाणंदीत कुणाला आडवं येईल ते वेगळंच. ज्याचे बाण वीस पावलांवरून वीतभर डावीकडे जातात, त्याने जिवंत प्राण्यावर धनुष्य रोखावं हे मला कुठल्याही देशात मान्य नाही. जिथे धनुष्याची शिकार कायद्याने चालते तिथेही नवख्याला सरसकट मोकळीक नसते: अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत आधी सुरक्षिततेचा कोर्स करावा लागतो, मग परवाना मिळतो, आणि हरणासाठी धनुष्य किमान किती पाउंडांचं, म्हणजे ओढायला किती जोर लागणारं, हवं हेही अनेक ठिकाणी ठरलेलं असतं, साधारण 35 ते 40.

रानात फिरून बाण मारायची हौस खरीच असेल तर थ्री-डी आर्चरी करा. फोमची जनावरं झाडीत उभी केलेली असतात, अंतर कुणी सांगत नाही, उतारावर, सावलीत, वाकड्यातिकड्या पायांवर उभं राहून मारायचं असतं. अंतर डोळ्याने ओळखणं, पहिलाच बाण जागी बसवणं, हे शिकाऱ्याचं सगळं कसब तिथे लागतं आणि कुणाचा जीव जात नाही. जागतिक पातळीवर याची अजिंक्यपद स्पर्धा 2003 पासून होते. जुन्या गादीच्या फोमचे थर एकावर एक चिकटवून, कापून डुकराचा आकार घरी करता येतो. तुमच्या बागेत खुशाल लावा, मागे मातीचा बांध आहे एवढं बघून.

आता त्या व्हिडिओंचा आणि डावीकडे जाणाऱ्या बाणांचा संबंध. तो खूप जवळचा आहे.

पन्नास पाउंडांचा गैरसमज

व्हिडिओतला माणूस सांगतो, माझं धनुष्य साठ पाउंडांचं आहे. आपला मुलगा मनात म्हणतो, मग मला पन्नास तरी हवं. आणि तो पन्नास पाउंडांचं रिकर्व्ह मागवतो. पण व्हिडिओतलं ते कंपाउंड असतं. कंपाउंडच्या टोकांना फिरत्या चकत्या असतात, आणि दोरी पूर्ण ओढली की त्या भार स्वतःवर घेतात. 80 टक्के भार उतरवणारं साठ पाउंडांचं कंपाउंड पूर्ण ओढल्यावर हातात बारा पाउंड उरतं. तो माणूस त्या बारा पाउंडांवर निवांत नेम धरतो, आणि दोरी सोडतो तीही बोटांनी नव्हे, मनगटाला बांधलेल्या रिलीजच्या चापाने. रिकर्व्हचं उलट आहे. जितकं मागे ओढाल तितकं जड. नेम धरायच्या क्षणी सगळेच्या सगळे पन्नास पाउंड तीन बोटांवर असतात.

ही दोन वेगळी हत्यारं आहेत. साताऱ्याच्या अदिती स्वामीने आणि नागपूरच्या ओजस देवतळेने 2023 साली बर्लिनला विश्वविजेतेपद जिंकलं ते कंपाउंडवर. साताऱ्याकडचाच प्रवीण जाधव टोकियो ऑलिम्पिकला गेला तो रिकर्व्ह घेऊन. एकावरचा आकडा दुसऱ्याला लावता येत नाही.

शिवाय रिकर्व्हवर छापलेला आकडा 28 इंच ओढीसाठी असतो. तुमची ओढ 30 इंच असेल तर दर इंचाला दोन-अडीच पाउंड वाढतात. म्हणजे 45 लिहिलेलं धनुष्य उंच मुलाच्या हातात पन्नासच्या आसपास जातं.

धट्ट्याकट्ट्या मोठ्या माणसाने 20 ते 26 पाउंडांवर सुरुवात करावी. बायका आणि चौदा-पंधरा वर्षांची मुलं 16 ते 20 वर. लहान पोरांना बारा-चौदा पुरे. होडी ओढणारे, नारळाच्या गोण्या वाहणारे तरणे हे ऐकून नाराज होतात, पण दोरी ओढायला लागणारे पाठीचे स्नायू वेगळे आहेत आणि ते रोजच्या कामात तयार होत नाहीत.

आपलं धनुष्य जड आहे का, हे ओळखायला दोन परीक्षा आहेत. पूर्ण ओढून हनुवटीला अँकर लावा, म्हणजे दोरीचा हात तिथे टेकवून स्थिर करा, आणि मनात सावकाश दहापर्यंत मोजा. टोक थरथरलं, दोरी पुढे सरकली किंवा श्वास रोखावा लागला तर धनुष्य जड आहे. दुसरी अमेरिकेतले शिकारीच करतात: खुर्चीवर बसा, पाय समोर उचला, धनुष्य टार्गेटच्या उंचीला धरा आणि आभाळाकडे न नेता सरळ मागे ओढा. नाही जमलं तर कमी पाउंडांचं घ्या. दोन्ही वेळा दोरी हळूहळू परत आणायची. बाण न लावता दोरी सोडायची नाही, त्याने लिंब, म्हणजे धनुष्याची पाती, फुटतात.

टार्गेट काय सांगतंय

कशालाही हात लावण्यापूर्वी हे करा. सात-आठ मीटरवर कोरा कागद लावा, मध्ये रुपयाएवढा ठिपका काढा आणि सहा बाण मारा. नेम ठिपक्यावरच, बाण कुठेही जावोत. प्रत्येक बाण काढताना भोकाशेजारी पेनाने त्याचा क्रमांक लिहा, म्हणजे कितवा बाण कुठे गेला ते कळेल. असे चार-पाच कागद करा, तारीख घालून जपून ठेवा.

सहाही बाण डावीकडे, पण एकमेकांना चिकटून असतील तर तुमचं शरीर दरवेळी तेच करतंय. दोष बहुधा बाणात, धनुष्यात किंवा डोळ्यात. बाण डावीकडे पसरलेले असतील, एखादा मध्ये आणि एखादा पार कडेला, तर दोष हातात. आणि पहिले दोन-तीन चांगले, मग चौथा, पाचवा, सहावा क्रमाने डावीकडे सरकत गेले असतील तर दोष थकव्याचा, म्हणजे पाउंडांचा. नव्या मुलांच्या कागदांवर मला सगळ्यात जास्त दिसतो तो हाच तिसरा नमुना. रोज सुरुवातीला बरं जातं आणि मग बिघडतं, म्हणून त्यांना वाटतं की दोष येतो-जातो. तो जात नाही. ताजा हात त्याला दहा मिनिटं आवरून धरतो, एवढंच.

देवगडकडचा एक मुलगा असाच आला होता. धनुष्य 45 चं. मी बाजूला उभा राहून बघत होतो. ओढताना तो धनुष्य आधी वर न्यायचा, डावा खांदा कानाला लागायचा, मुठीवरची बोटं पांढरी पडायची. तिसऱ्या बाणापासून दोरी हनुवटीपर्यंत पोचेनाशी झाली. पाचव्या बाणाला उजवा हात सुटला तो गालापासून दूर, बाहेरच्या अंगाला उडाला, आणि डाव्या हाताच्या आतल्या बाजूला दोरी सटकन लागली. तिथे आधीचा काळानिळा डाग होताच.

त्या एका बाणात तीन दोष होते. खांदा वर गेल्याने हात दोरीच्या वाटेत आला. मूठ आवळल्याने धनुष्य पिळलं गेलं. बोटांवर एवढा भार असल्याने ती सैल पडेनात, म्हणून त्याने हात झटकून दोरी सोडवली. तिन्ही बाण डावीकडेच नेतात, आणि तिन्हींचं मूळ एक. त्याला 22 पाउंडांचं धनुष्य दिलं, तेव्हा त्याचं तोंड पडलं होतं. पण त्याच संध्याकाळी बाण एकमेकांजवळ यायला लागले. मध्ये नाही, डावीकडेच, पण मुठीएवढ्या जागेत. ते का, हे बाणांच्या भागात सांगतो.

हात, कोपर, बोटं, डोळा

हलकं धनुष्य घेतल्यावरही सवयी राहतात. त्या एकेक करून बघायच्या, एका दिवशी एकच. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशाने गुण आला ते कळत नाही, आणि दोष परत आला की पुन्हा पहिल्यापासून शोधत बसावं लागतं.

धनुष्याची मूठ धरायची नाही, तिच्यावर हात टेकवायचा. दार तळहाताने ढकलताना जो भाग दाराला लागतो, अंगठ्याच्या बुडाची गादी, तिथे सगळा दाब यायला हवा. बोटांची पेरं तिरकी, साधारण 45 अंशांत. बोटं सैल. धनुष्य खाली पडेल या भीतीने मुलं ती आवळतात, म्हणून बुटाच्या नाडीचा फास करून अंगठा आणि पहिल्या बोटात अडकवा. बाण सुटल्यावर धनुष्य त्यात झेललं जातं आणि भीती जाते. नाडीला चार पैसे लागत नाहीत आणि गुण मोठा आहे.

कोपराचं दाराच्या चौकटीवर शिकता येतं. डावा तळवा चौकटीला टेकवा आणि तळवा न हलवता कोपर फिरवा, म्हणजे कोपराची आतली घडी आभाळाकडे न राहता उभी होईल. सुरुवातीला जमत नाही, आठवड्याभरात जमतं. दोरीचा डाग कुठे पडतो तेही बघा. कोपराजवळ असेल तर बहुधा कोपर फिरवलेलं नाही. मनगटाजवळ असेल तर दोरी धनुष्याच्या फार जवळ आली आहे. ते पुढे येईल. आर्मगार्ड लावाच, पण त्याने वेदना थांबते, बाण सुधारत नाही. आणि सैल टी-शर्ट घालू नका. घामाने ओला शर्ट छातीवर फुगतो, दोरी त्याला घासते, आणि त्या घासण्याने बाण डावीकडे जातो हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

बोटांचा दोष सगळ्यात चिवट. बोटं उघडायची नसतात. पाठ ओढत राहते, बोटं सैल पडतात आणि दोरी निघून जाते. बाण सुटल्यावर उजवा हात कुठे थांबला ते बघा. मानेला घासत मागे, कानाखाली थांबला तर बरोबर. हवेत, गालापासून वीतभर लांब असेल तर तुम्ही दोरी सतारीच्या तारेसारखी छेडलीत, आणि बाण डावीकडे गेलाच असणार. यावर उपाय तीन मीटरवरून, टार्गेटचा कागद न लावता, पेंढ्याच्या भाऱ्यावर डोळे मिटून मारण्याचा. उभं राहताना डोळे उघडे, ओढून अँकर लागल्यावर मिटायचे. मागे-पुढे माणूस, कुत्रं, गुरं नाहीत हे बघणारा जोडीदार शेजारी असल्याशिवाय हे करायचं नाही. नेम नसला की हाताला काय होतंय ते जाणवतं. घरी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ओढूनही हाच सराव होतो, फक्त ती सोडून द्यायची नाही. सावकाश परत आणायची.

डोळ्याची परीक्षा एका मिनिटाची आहे आणि पहिल्याच दिवशी करायला हवी. दोन्ही हात समोर ताणून, तळव्यांमध्ये लहान त्रिकोणी फट ठेवून लांबच्या एका नारळाकडे बघा. मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने नारळ फटीत राहतो तो तुमचा बळकट डोळा. उजव्या हाताने ओढता आणि बळकट डोळा डावा असेल, तर दोन्ही डोळे उघडे ठेवल्यावर नेम डावा डोळा धरतो आणि बाण पार डावीकडे जातो. थोडा नाही, फूटभर. डावा डोळा मिटून मारा, नाहीतर चष्म्याच्या डाव्या काचेला कागद चिकटवा. अगदी नवीन असाल तर डाव्या हाताचं धनुष्य घेणं सगळ्यात चांगलं.

बाणच चुकीचे असतील तर

बाण सुटताना सरळ जात नाही, तो आधी वाकतो, धनुष्याला वळसा घालून पुढे जातो आणि मग सावरतो. किती वाकायचा ते बाणाच्या कडकपणावर. त्याला स्पाइन म्हणतात आणि तो आकडा शाफ्टवर, म्हणजे बाणाच्या काडीवर, छापलेला असतो. आकडा मोठा तितका बाण लवचीक: 1000 चा मऊ, 500 चा कडक, 400 चा आणखी कडक. हा आकडा म्हणजे 28 इंचांवर टेकवलेल्या शाफ्टच्या मध्ये 880 ग्रॅम वजन टांगलं तर तो इंचाचा किती हजारांश भाग खाली वाकतो ते माप.

हलक्या धनुष्याला कडक बाण लावला तर तो पुरेसा वाकत नाही, आणि उजव्या हाताच्या तिरंदाजाचा तो डावीकडे जातो. देवगडच्या मुलाचं हेच झालं. बाण होते 45 पाउंडांसाठी घेतलेले, 500 स्पाइनचे. धनुष्य आलं 22 चं. हाताचा दोष गेला आणि बाणांचा दोष उघडा पडला. पुष्कळ मुलं इथेच हिरमुसतात आणि जड धनुष्याकडे परत जातात. जाऊ नका. 22 ते 26 पाउंडांना 28 इंचाच्या आसपासचा बाण 900 ते 1000 स्पाइनचा लागतो. बाण लांब असेल तर आणखी कडक चालतो, आखूड असेल तर मऊ हवा.

खात्री करायची असेल तर दोन बाणांची पिसं काढून टाका आणि दहा-बारा मीटरवरून तीन बाण पिसांचे आणि दोन बिनपिसांचे मारा. बिनपिसांचे बाण पिसांच्या बाणांच्या डावीकडे बसले तर बाण कडक, उजवीकडे बसले तर मऊ. कडक असेल तर पुढचं टोक जड लावून बघा, त्याने बाण थोडा नरम वागतो. शाफ्ट कापू नका. आखूड केला की तो आणखी कडक होतो. पण बाण मुठीएवढ्या जागेत बसायला लागल्याशिवाय ही परीक्षा करू नका, कारण तोवर ती बाणाबद्दल नाही, तुमच्या हाताबद्दलच सांगेल.

कार्बनचा बाण जांभ्यावर आपटला की वरून धड दिसतो आणि आतून चिरलेला असतो. पुढच्या वेळी तो धनुष्यावरच फुटून हातात घुसू शकतो. सड्यावर सराव करणाऱ्यांनी प्रत्येक चुकलेला बाण कानाजवळ धरून दोन्ही हातांनी हलका वाकवायचा, फिरवत फिरवत. कट् असा आवाज आला, की मोडून टाकायचा. त्यासाठी टार्गेटच्या मागे दगडी गडगा कधीच नको. मातीचा बांध किंवा घट्ट आवळलेले पेंढ्याचे भारे. सैल पेंढ्यातून बाण आरपार जातो, सुंभाने करकचून बांधा. जुनं मासेमारीचं जाळं मागे ढिलं टांगलं तर चुकलेला बाण गवतात हरवत नाही, पण भरवसा जाळ्यावर ठेवायचा नाही, बांधावर ठेवायचा.

दोरी आणि आपली हवा

हात सुधारला, बाण योग्य घेतले, महिनाभर सगळं मध्ये बसलं, आणि मग पुन्हा डावीकडे. अशा वेळी दोरी बघा. घाटावरचा तिरंदाज हे वर्षातून दोनदा बघत असेल, आपल्याला दर आठवड्याला बघावं लागतं.

धनुष्य चढवल्यावर दोरी आणि मुठीची सगळ्यात खोल खोबण यातलं अंतर म्हणजे ब्रेस हाइट. 68 इंचाच्या रिकर्व्हला ते साधारण साडेआठ ते साडेनऊ इंच असतं. तुमच्या धनुष्याचं नेमकं माप त्याच्या पुस्तिकेत असतं. डॅक्रॉनच्या धाग्याची नवी दोरी ताणली जाते, आणि एप्रिल-मेच्या उन्हात जास्तच. दोरी लांबली की अंतर कमी होतं, दोरी मनगटाजवळ येते, जाता जाता हाताला किंवा आर्मगार्डला शिवते, आणि बाण डावीकडे. मनगटाजवळच्या डागाचं कारण हेच. उपाय साधा: धनुष्य उतरवा, दोरीला आधीच्याच दिशेने चार-सहा पीळ द्या, पुन्हा चढवा, मोजा. पिळाने दोरी आखूड होते आणि अंतर वाढतं. योग्य माप सापडलं की ते धनुष्याच्या पिशवीत चिठ्ठीवर लिहून ठेवा आणि दर वेळी पहिला बाण मारण्याआधी पट्टी लावा. अर्धा मिनिट लागतं. पुन्हा पुन्हा येणारा दोष या एका सवयीने जितका थांबतो तितका दुसऱ्या कशाने थांबत नाही.

पावसाळ्यात दोरीने पाणी धरलं तर ती जड होते आणि बाण खाली पडतात. मेण लावून बोटांनी किंवा चामड्याच्या तुकड्याने ऊब येईपर्यंत चोळा. पक्ष्याची पिसं भिजली की चिकटून बसतात आणि बाण सावरत नाही. मिरगानंतर प्लास्टिकची पिसं बरी. ती धनुष्याच्या साइडला घासत नाहीत ना, ते रेस्टवर, म्हणजे बाण टेकतो त्या आधारावर, तपासून घ्या.

बांबूच्या धनुष्याला आणखी जपावं लागतं. आपल्या हवेत बांबू ओल धरतो, त्याचा जोर कमी होतो, आणि चढवून ठेवलं तर बाक कायमचा बसतो. दोन्ही पात्यांत ओल सारखी बसत नाही, म्हणून एक पातं ढिलं पडतं आणि धनुष्य वाकडं ओढलं जातं. चढवून लांबून बघा: दोरी पात्यांच्या बरोबर मधोमध दिसायला हवी. रोज उतरवायचं, कापडाने पुसायचं, भिंतीला टेकवून उभं न करता दोन खुंट्यांवर आडवं ठेवायचं. चुलीवरच्या माळ्यावर धूर आणि ऊब असते म्हणून तिथे ठेवणारे आहेत. एकाच बाजूने उष्णता लागली तर पातं पिळवटतं, म्हणून मी तरी ठेवत नाही. बंद गाडीत तर कुठलंच धनुष्य नको, उन्हात गाडी तापली की थर सुटतात. बांबूचे बाण आडवे, दोन-तीन ठिकाणी आधार देऊन.

लोखंडी टोकं, साइटचे (नेम धरायच्या खुणेचे) स्क्रू, रेस्टची तार यांवर खारी हवा लगेच गंज आणते. गंजलेला साइटचा स्क्रू सरकत नाही, किंवा वाईट म्हणजे ढिला होऊन बाण मारताना आपोआप सरकतो. तेलाचा एक थेंब, फडकं, बस.

वाऱ्याचं

दुपारी खारे वारे पश्चिमेकडून येतात, पहाटे मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे. किनाऱ्याच्या मळ्यात दक्षिणेकडे तोंड करून दुपारी मारलंत तर वारा उजवीकडून येतो आणि बाण डावीकडे ढकलतो. संशय असेल तर त्याच वेळी टार्गेट उचलून उत्तरेला न्या. बाण आता उजवीकडे जायला लागले तर दोष वाऱ्याचा. जवळच्या अंतरावर बाणावर वाऱ्याचा परिणाम थोडाच असतो, पण वारा धनुष्य आणि हात ढकलतो तो कुठल्याही अंतरावर जाणवतो. दोष शोधायचा असेल तेव्हा सकाळी लवकर मारा, हवा पडलेली असताना.

एवढं सगळं क्रमाने करूनही बाण डावीकडेच राहिले, तर आणखी प्रयोग करू नका. फोन स्टँडवर लावून दोन व्हिडिओ घ्या: एक पाठीमागून, धनुष्याच्या रेषेत, आणि एक उजव्या बाजूने, हनुवटी आणि कोपर दिसेल असा. समोर कुणालाही उभं करायचं नाही, फोनही नाही. ते व्हिडिओ, क्रमांक घातलेले कागद, बाणावरचा स्पाइनचा आकडा, तुमची ओढ किती इंच, आणि ब्रेस हाइटची चिठ्ठी, हे सगळं घेऊन जिल्ह्याच्या संघटनेच्या प्रशिक्षकाकडे जा. एवढी माहिती समोर असली की त्याला बहुतेक वेळा तुम्हाला धनुष्य ओढायलाही सांगावं लागत नाही.